व्हायोलिनच्या पेटीतला डबा

शिक्षणाधिकारी साहेब, गुन्हा तुमचा आहे. शाळेच्या जेवणाच्या हॉलमधली टेबलं जमिनीला बोल्टने पक्की करा आणि प्रत्येक टेबलाला आठच बैठका ठेवा, त्याही टेबलालाच जोडलेल्या, हा हुकूम तुम्ही काढलात. मुलं खुर्च्या ओढतात, फरशीवर चरे पडतात, हे तुमचं कारण. फरशी वाचली, साहेब. तोंड बघून घ्यावं इतकी चकचकीत आहे. पण त्यानंतर वाद्यवाल्यांचं अख्खं टेबल उपाशी राहिलं, ट्रंपेटवाल्याला घेरी आली आणि तुमच्या बुटाखाली उकडलेलं अंडं आलं, तेव्हा तुम्ही त्याचं खापर एका तेरा वर्षांच्या मुलीवर फोडून मोकळे झालात. असं कसं चालेल? आता सगळं पहिल्यापासून ऐकून घ्या.

त्या मुलीचे वडील लोकांची घरं हलवून देतात. कपाटं, पलंग, आरसे ट्रकमध्ये चढवायचे, दुसऱ्या घरी उतरवून जागच्या जागी लावायचे. परक्याचा काचेचा पेला हा माणूस तान्ह्या बाळासारखा गुंडाळतो. स्वतःचं घर हलवलं तेव्हा मात्र कुठल्या खोक्यात काय आहे हे लिहायचं राहून गेलं. नव्या शाळेचा पहिला दिवस उजाडला आणि मुलीचं दप्तर सापडेना.

“अहो, हिचं दप्तर कुठल्या खोक्यात आहे?” आईने विचारलं. ती दवाखान्यात नर्स आहे आणि तिची ड्यूटी अर्ध्या तासात सुरू व्हायची होती.

“मोठ्या,” वडील म्हणाले.

“सगळी मोठीच आहेत.”

“तपकिरी.”

“सगळी तपकिरीच आहेत!”

“मग त्यांतल्याच एकात असणार,” वडील समाधानाने म्हणाले.

आईने कपाळाला हात लावला, इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातली मामाची पेटी उचलली. मामाने तरुणपणी हौसेने व्हायोलिन घेतलं होतं आणि शेजाऱ्यांनी हात जोडल्यावर विकून टाकलं होतं. घेणाऱ्याकडे स्वतःची पेटी होती, म्हणून ही मागे राहिली. वडिलांनी ती आपल्या नट-बोल्टच्या पान्यांसाठी ठेवून घेतली. आईने पाने ओट्यावर ओतले, पेटी आतून पुसली, तिच्यात वह्या-पुस्तकं कोंबली आणि वर डबा ठेवला. डब्यात पाव, केळं आणि उकडलेली अंडी.

“आई, मी हे घेऊन शाळेत जाऊ?”

“का? मूठ आहे, कडी लागते. दप्तराला आणखी काय असतं?”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांना म्हणावं, आमच्याकडे येऊन खोकी उघडा.”

मुलीला खरी धास्ती पेटीची नव्हती. ही तिची तिसरी शाळा. गणित कुठेही तेच असतं आणि गणिताचे सरही थोड्याफार फरकाने तेच असतात, हे तिला ठाऊक झालं होतं. अवघड असते ती जेवणाची सुट्टी. डबा हातात घेऊन हॉलच्या दारात उभं राहायचं आणि आपल्याला कोण बोलावतंय याची वाट बघायची. मागच्या शाळेत कोणीच बोलावलं नव्हतं. वर्षभर ती जिन्यात, भिंतीकडे तोंड करून जेवली होती. या वेळी तिने मनाशी ठाम ठरवलं होतं, काय वाटेल ते झालं तरी बसून जेवायचं. चार माणसांत.

तर साहेब, ती तुमच्या हॉलच्या दारात येऊन उभी राहिली.

पहिलं टेबल खिडकीजवळचं, अभ्यासू मुलांचं. एक बैठक रिकामी दिसली म्हणून ती गेली. चष्मेवाल्या मुलीने विचारलं, “तुझा वर्गात कितवा नंबर असतो?”

“पाचवा. कधी कधी नववा.”

“अच्छा,” चष्मेवाली अत्यंत आदबीने म्हणाली. “पाण्याचा नळ तिकडे आहे हं.”

नळाजवळचं टेबल खेळाडूंचं. तिथे जेवण चाललं होतं की कुस्ती, ते कळायला मार्ग नव्हता. नाटकवाल्यांच्या टेबलावर आठही जण एकाच वेळी बोलत होते आणि ऐकणारं कोणीच नव्हतं. शेवटचं टेबल कचऱ्याच्या डब्याजवळ. ज्यांना कोणीच घेतलं नाही त्यांचं. इथे तरी आपली सोय होईल, अशा आशेने ती गेली.

“आम्ही उरलेले आहोत,” तिथला एक मुलगा घास चावत म्हणाला, “पण जागा उरलेली नाही.”

“जरा सरकलात तर...”

“कशी सरकणार? बैठक बोल्टची आहे. ओढून बघ.”

तिने खरंच ओढून बघितली. बैठक हलली नाही. आणि त्याच वेळी हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून एक किंकाळी आली.

“व्हायोलिन! अरे, तिच्याकडे व्हायोलिन आहे! ए, तू! उरलेल्यांत काय करतेयस? इकडे ये ना!”

ती बासरीवाली. वाद्यवाल्यांच्या टेबलाची राणी. त्यांची व्हायोलिन वाजवणारी मुलगी नुकतीच शाळा सोडून गेली होती आणि तिची बैठक रिकामी होती. बासरीवालीने ती स्वतःच्या रुमालाने पुसली. दोन वर्षांत आपल्यासाठी कोणी बैठक पुसल्याचं मुलीला आठवत नव्हतं. ती बसली.

“कधीपासून वाजवतेस?” ट्रंपेटवाल्याने विचारलं. गोल चेहऱ्याचा, गोल गालांचा मुलगा.

“ही पेटी मामाची आहे,” मुलगी म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

“म्हणजे घरातच संगीत!” बासरीवालीने टाळी वाजवली. “डबा काढ ना. की आणला नाहीस?”

आणि इथे मुलीच्या लक्षात आलं की आपण पुरत्या अडकलो. डबा पेटीत होता. पेटी उघडली की डबा दिसणार, वह्या दिसणार, आणि व्हायोलिन दिसणार नाही. बसायला जागा मिळाली होती ती पेटी बंद असेपर्यंत.

“मी... वाजवायच्या आधी काही खात नाही,” तिच्या तोंडून गेलं.

“पण तू वाजवणार कधी आहेस?”

“कधीही वाजवावं लागू शकतं ना.”

बासरीवाली बाकीच्यांकडे वळली. “ऐकलंत? याला म्हणतात निष्ठा. आणि आपण! हा तर पाव कोंबलेल्या तोंडाने ट्रंपेट वाजवतो.”

“एकदाच वाजवला होता,” ट्रंपेटवाला पुटपुटला.

“उद्यापासून सुट्टीत कोणी खायचं नाही. सगळ्यांनी नुसतं बसायचं. वाद्याचा विचार करत.”

दुसऱ्या दिवशी वाद्यवाले आठही जण बंद डब्यांसमोर हात जोडल्यासारखे बसले. दप्तर एव्हाना सापडलं होतं, पण आता पेटी आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि रिकामी पेटी हातात हलकी लागते, कोणाच्याही लक्षात येईल, म्हणून डबा पेटीतच राहिला. शेवटची दहा मिनिटं उरली की मुलगी “बोटं मोकळी करून येते” म्हणून उठायची, आणि खेळाच्या सामानाच्या खोलीमागे जाऊन अधाशासारखी जेवायची.

तिथे फाटक्या गाद्यांचा ढीग होता आणि त्यावर पहिल्याच दिवशी एक धिप्पाड मुलगा बसलेला आढळला. फुटबॉलच्या संघाचा कप्तान. त्याच्या हातात सुई होती आणि मांडीवर बोटभर लांबीचा फ्रॉक.

“बहिणीच्या बाहुलीचा आहे,” तो गुरगुरला. “हसलीस तर बघ.”

“हसत नाहीये. तुझी गाठ सुटणार आहे. दोरा दोनदा फिरव.”

कप्तानाने दोरा दोनदा फिरवला. गाठ बसली. मग त्याने पेटीकडे पाहिलं, पेटीतल्या अंड्याकडे पाहिलं आणि गादीवर थोडा बाजूला सरकला. गादीला बोल्ट नव्हते, साहेब.

“व्हायोलिन कुठेय?”

“नाहीये.”

“बरं,” कप्तान म्हणाला, आणि सुईत दोरा ओवायला लागला.

तिसऱ्या दिवशी तिथे पहिला आला. हा मुलगा वर्गात कायम पहिला यायचा, म्हणून त्याला सगळे पहिलाच म्हणायचे. आल्या आल्या तो म्हणाला, “इथे कोणी प्रश्न विचारणार असेल तर मी चाललो. आमच्या टेबलावर मीठ मागितलं तर त्याचं रासायनिक सूत्र विचारतात. मला अळणी खाऊन कंटाळा आला.”

“बस. कोणी काही विचारत नाही,” कप्तान म्हणाला.

पाठोपाठ नाटकवाल्यांची राजकन्या आली. पहिलीत असताना एकदा तिने राजकन्येचं काम केलं होतं, तेव्हापासून ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलं. ती आली, बसली आणि सुट्टी संपेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. उठताना मात्र म्हणाली, “काय मजा आली!”

तिकडे वाद्यवाल्यांची अवस्था बघवत नव्हती. ड्रमवाल्याचे हात ड्रमवर पडायचे आणि तिथेच राहायचे. आणि एका सकाळी ट्रंपेटवाल्याने सगळ्या शाळेसमोर लांबलचक सूर लावला आणि सुरासकट खाली बसला. “किती भाव ओतला!” बासरीवाली म्हणाली. ही घेरी भुकेची आहे हे मुलीने मात्र ओळखलं. सुट्टीत तिने त्याच्या दंडाला धरलं, सरळ गाद्यांपाशी आणलं आणि पेटी उघडली.

ट्रंपेटवाला बघत राहिला. “तू खातेस?”

“रोज.”

“आणि आम्ही तुझ्यामुळे...”

“हो. चूक झाली माझी. बासरीवालीला सांगणार आहेस?”

ट्रंपेटवाल्याने खूप विचार केला. मग विचारलं, “आणखी केळं आहे?”

घरी मुलीने वडिलांना टेबलांबद्दल सांगितलं. वडिलांचा विश्वास बसेना.

“जेवायचं टेबल? बोल्टने? आणि हलवायचं झालं तर?”

“हलवायचं नाहीच म्हणे कधी.”

“मग ते टेबल कसलं? तो खांब झाला. अगं, आपण घर लावतो तेव्हा आधी विचारतो, माणसं किती, म्हातारं कोण, उजेड कोणाला लागतो. माणसं बसवून मग टेबल ठेवायचं असतं. यांनी टेबल ठेवून माणसं बसवली.”

“तुमच्या कपाटासमोर अजून तीन खोकी आहेत, ती आधी हलवा,” आई आतून म्हणाली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण साहेब, मध्येच तुम्ही शाळा बघायला येणार म्हणून निरोप आला. संगीताच्या सरांनी मुलीला गाठलं.

“गुरुवारी साहेब येताहेत. जेवणाच्या हॉलमध्येच कार्यक्रम. तू एकटी वाजवायचंस.”

“सर, खरं सांगायचं तर मला...”

“लाजायचं नाही! तू पेटी कशी धरतेस ते मी पहिल्याच दिवशी हेरलंय. नवशिक्याला असं धरता येत नाही.”

तिच्या वडिलांकडे सगळ्यांना सामान उचलायला असंच शिकवतात, हे सरांना कोण सांगणार? त्या दिवशी गाद्यांवर बैठक बसली.

“आजारी पड,” ट्रंपेटवाला म्हणाला.

“हाताला बँडेज बांध,” राजकन्या म्हणाली. ती बोलली म्हणून सगळे दचकले.

“सरळ खरं सांगून टाक,” पहिला म्हणाला. “हेच बरोबर उत्तर आहे.”

“आणि मग टेबलावरून उठवलं की बसू कुठे? इथे गाद्यांवर दहा मिनिटं ठीक आहे. पण हॉलमध्ये? पुन्हा दारात उभी राहू?”

पहिल्याने आपल्या डब्याचं झाकण लावलं. उत्तर न येण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी. त्याचे कान लाल झाले.

बँडेज ठरलं. आईच्या पिशवीतून पट्टी मिळाली आणि कप्तानाने ती इतकी नेटकी बांधली की खुद्द आईने शाबासकी दिली असती.

गुरुवारी तुम्ही आलात, साहेब. सोबत मुख्याध्यापिका बाई होत्या. तुम्ही टेबलावर थाप मारून बघितलीत, टेबल हललं नाही, तुम्ही खूश झालात. “प्रत्येक मुलाला आपली जागा!” असं म्हणालात. आठवतंय? मग सरांनी मुलीला पुढे बोलावलं. तिने बँडेजचा हात वर केला.

“अरेरे!” सर म्हणाले. “हाताला लागलं? बरं, नको वाजवूस. साहेबांना नुसतं वाद्य तरी दाखव. जुनं आहे, मामांचं आहे.”

“वा! बघू, बघू,” तुम्ही म्हणालात, आणि पुढे वाकलात.

मागे उभ्या असलेल्या कप्तानाने डोळे मिटून घेतले. मुलीने एका हाताने कडी काढली. दुसऱ्या हाताला बँडेज, त्यामुळे झाकण सुटलं, पेटी कलंडली, आणि तुमच्या त्या चकचकीत, एकही चरा नसलेल्या फरशीवरून एक उकडलेलं अंडं गडगडत निघालं. फरशी खडबडीत असती तर ते वाटेत थांबलं असतं, साहेब. ते थांबलं नाही. तुमच्या बुटापर्यंत आलं. तुम्ही दचकून पाय उचललात आणि नेमका त्याच्यावर ठेवलात.

बाकीचा डबा जमिनीवर उघडा पडला होता. पाव, केळं, दुसरं अंडं.

“व्हायोलिन कुठे आहे?” सरांनी विचारलं.

“नव्हतंच सर कधी. मामाने विकलं. ही नुसती पेटी आहे. मी एकदाही म्हटलं नाही की मला वाजवता येतं. तुम्ही पेटी बघितली आणि मला बसवलं. मला बसायचंच होतं, म्हणून मी बसले.”

बासरीवाली उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. “म्हणजे... म्हणजे आम्ही इतके दिवस... विनाकारण...” ती पुढे आली, वाकली, आणि आता ही मुलीच्या झिंज्या धरणार असं सगळ्यांना वाटलं. तिने पाव उचलला आणि दोन घासांत संपवला. त्याबरोबर ड्रमवाला केळ्यावर पडला आणि बाकीचे आपापल्या डब्यांवर. डबे उघडल्याचे आवाज टाळ्यांसारखे वाजले. तुम्हाला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि तुम्हीही टाळ्या वाजवायला सुरुवात केलीत. बाईंनी तुमच्या कानात सांगितल्यावर थांबलात.

“मग ही मुलगी कुठल्या टेबलाची?” तुम्ही विचारलंत.

“कुठल्याच नाही,” मुलगी म्हणाली. आता घाबरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. “मी मागे गाद्यांवर जेवते. तिथे बरं असतं. कोणी काय असायला लागत नाही.”

“मीपण तिथलाच,” कप्तान म्हणाला. पहिला उभा राहिला. राजकन्या उभी राहिली. ट्रंपेटवाला तोंडात घास असल्यामुळे नुसता हात वर करून उभा राहिला. बूट पुसता पुसता तुम्ही त्या सगळ्यांकडे पाहिलंत, आणि कोणालाही वाटलं असतं की आता तुमच्या डोक्यात प्रकाश पडला.

पडला की! तुम्ही जाहीर केलंत, “या मुलीसारखी मुलं कशातच बसत नाहीत, म्हणून असे गोंधळ होतात. एकही मूल जागेविना राहता कामा नये. कशातच न बसणाऱ्या मुलांसाठी एक नवीन टेबल करा!”

आठवड्याच्या आत टेबल आलं. आठ बैठका, जाड बोल्ट. वर पाटी, ‘मुक्त मुलांचे टेबल’. आणि गाद्यांकडे जायच्या वाटेला कुलूप, कारण ती जेवायची जागा नव्हे. पाचही जण हसतखेळत नव्या टेबलाकडे निघाले, तर बाई आडव्या आल्या.

“तू कुठे रे? तू कप्तान. तुझं टेबल नळाजवळ.”

“पण बाई, मला...”

“आणि तू पहिला येतोस ना? मग खिडकीत. राजकन्या, नाटकाकडे. ट्रंपेट, तिकडे. हे टेबल ज्यांना काहीच जमत नाही त्यांच्यासाठी आहे.” मग बाई मुलीकडे वळल्या आणि मायेने म्हणाल्या, “तुला काही येत नाही ना, बाळ? बस.”

उरलेल्यांच्या टेबलावरून कोणी आलं नाही. “आम्ही इथले जुने आहोत,” ते म्हणाले. वाद्यवाल्यांत तिची जागा राहिली नव्हती. बासरीवाली मधूनच डबा घेऊन उठते, नव्या टेबलापाशी रेंगाळते, बाईंनी बघितलं की “हवा खायला आले होते” म्हणून परत जाते.

म्हणजे बघा, साहेब. तिला एक जागा हवी होती. तुम्ही तिला आठ दिल्यात. रोज सुट्टीत ती त्या लांबलचक टेबलाच्या मधोमध एकटी बसते आणि अंडं सोलते. खिडकीतून पहिला बघतो, नळाजवळून कप्तान बघतो, राजकन्या गोंगाटातून बघते. ट्रंपेटवाला तर केळ्याकडेही बघतो. चौघे चार टोकांना आणि ही मध्ये, आणि कोणालाच तसूभर सरकता येत नाही.

पण आता ती हसते आहे. कारण काल तिने पेटी पुन्हा शाळेत आणली. तीच, मामाची. सुट्टीत तिने कडी काढली तेव्हा संगीताचे सर लांबूनच मान उंचावून बघायला लागले. आत डबा होता, आणि डब्याखाली वडिलांचे सगळे पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. चार टोकांना चौघांनी जेवण थांबवलं. ती टेबलाखाली शिरली. एकेक पाना लावून बघितला. एकही बसला नाही. काय बोल्ट आणलेत कुठून कोण जाणे! तिने घरी वर्णन केलं तेव्हा वडीलही म्हणाले, असा बोल्ट त्यांनी जन्मात बघितला नाही.

तेव्हा साहेब, तुमचं भाषण नको, पाटी नको, आणखी एक टेबल तर अजिबात नको. बुटाचं काय झालं तेही सांगू नका. एवढंच सांगा, आणि पुढच्या सुट्टीच्या आत सांगा, मुलं खोळंबली आहेत: त्या बोल्टला कितीचा पाना लागतो?